आगीचा बंब एवढा चकचकीत का, आणि अपघातस्थळी उभं कुठे राहायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या शाळांत, सोसायट्यांत आणि ट्रकचालकांच्या बैठकींत मी अपघातस्थळाच्या सुरक्षिततेवर बोलायला जातो. तिथे आणि नंतर फोनवर तेच ते प्रश्न परत परत येतात. माझे वडील फायर ब्रिगेडमध्ये ड्रायव्हर होते, क्वार्टरमध्येच वाढलो, त्यामुळे बंबाविषयी विचारणारे तर लहानपणापासून भेटत आलेत. शेवटी सगळं एका जागी लिहून ठेवलं. ज्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बंब रोज धुऊन-पुसून एवढा चकचकीत कशाला ठेवायचा? आग विझवायला चमक लागते का?

आग विझवायला धड गाडी लागते, आणि गाडी धड आहे की नाही ते पुसताना कळतं.

वडिलांचं फडकं सगळ्यात आधी चाकाकडे जायचं. चाकाचा नट सैल होऊ लागला की त्याच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला गंजाची बारीक तांबडी रेघ ओढली जाते. नखाएवढी असते. चाक चिखलाने माखलेलं असेल तर ती रेघ कोणालाच दिसणार नाही. पुसलेल्या चाकावर मात्र ती कुंकवाच्या बोटासारखी उठून दिसते. मग पंपाच्या खाली हात घालायचे, ओली झालेली बोटं नाकाशी न्यायचे. पाणी, डिझेल की हायड्रॉलिक तेल, ते वासावरून ठरायचं. टायरमध्ये रुतलेला खिळा, पट्ट्याला गेलेला तडा, होजच्या कपलिंगमधून निघालेलं रबरी वायसर, ह्या सगळ्या गोष्टी हात फिरवला की हाताला लागतात.

बंबाचं आयुष्यही इतर ट्रकपेक्षा वेगळं असतं. तो बहुतेक वेळ उभा असतो आणि वर्दी आली की थंड इंजिनावर थेट धावतो. वर्दी म्हणजे आगीची किंवा अपघाताची खबर. टाकीत हजारो लिटर पाणी, वर माणसं आणि सामान. वर्धा रोडवर निघाल्यावर ब्रेकची नळी गळतेय हे कळून उपयोग नाही, ते सकाळच्या हजेरीनंतर आवारातच कळायला हवं. त्यात आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डच्या आत थापली जाते, ओल धरून ठेवते आणि आतून पत्रा खाते. वरून गाडी कितीही लाल दिसो.

२. आगीवरून आल्यावर पुन्हा का धुतात? सकाळी तर धुतलेली असते.

तेव्हा गाडीवर काजळी असते, आणि काजळी म्हणजे नुसती काळी धूळ नव्हे. फोम, प्लॅस्टिक, वायरी जळाल्यावर त्यातून निघणारी विषारी द्रव्यं तिला चिकटलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशमनाच्या कामाला कर्करोगकारक ठरवून पहिल्या गटात टाकलं. ती काजळी सीटवर, स्टिअरिंगवर, दाराच्या मुठीवर राहिली तर पुढच्या पाळीचा माणूस त्याच हातांनी डबा खाणार. म्हणून आतली केबिन पुसणं हे बाहेरच्या चमकेपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आग विझवायचा फोम वापरला असेल तर गाडी लगेच धुवावीच लागते. तो रंगावर वाळला की डाग पाडतो आणि सांध्यांतलं ग्रीस धुऊन काढतो.

३. उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी नाही आणि हे गाड्या धुतात, हे बरोबर आहे का?

तुमचा राग समजतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना कोणालाही तसंच वाटेल. पण रोजची सफाई बादली आणि दोन फडक्यांत होते, एक ओलं आणि एक कोरडं. पाण्याची मोठी धार उडताना दिसते ती बहुतेकदा पंपाची चाचणी असते. ती टाकीतलं पाणी टाकीतच परत फिरवूनही करता येते आणि तशीच करावी. बोअरचं जड पाणी असेल तर लगेच कोरडं पुसावं लागतं, नाहीतर काचेवर आणि दिव्यांवर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात.

४. बंब लालच का? लाल रंग सगळ्यात लांबून दिसतो म्हणतात.

दिवसा लाल रंग ठळक दिसतो, रात्री मात्र तो सगळ्यात आधी काळा पडतो. आपला डोळा उजेडात साधारण ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला सर्वाधिक दाद देतो. अंधारात हा कल ५०७ नॅनोमीटरच्या, म्हणजे निळसर हिरव्याच्या बाजूला सरकतो आणि लाल मागे पडतो. अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या बंबांवर १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लिंबासारख्या पिवळ्या-हिरव्या गाड्यांचे अपघात लाल गाड्यांपेक्षा कमी आढळले.

तरी लाल टिकून आहे, कारण लाल दिसला की लोकांना ‘बंब आला’ हे सांगावं लागत नाही. ओळख पटण्यालाही मोल आहे. रात्रीची उणीव मग पट्ट्यांनी आणि दिव्यांनी भरून काढायची.

५. म्हणजे गाडी जितकी चकचकीत तितकी ती रात्री जास्त दिसते ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. चकचकीत पत्रा आरशासारखं वागतो. हेडलाइटचा उजेड त्यावर तिरका पडला की तिरकाच पलीकडे निघून जातो, चालकाच्या डोळ्यांपर्यंत येत नाही. परावर्तक पट्टीत मात्र काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात. उजेड जिथून आला तिथेच ती तो परत धाडते, म्हणून गाडी चालवणाऱ्याला ती पेटल्यासारखी दिसते.

आता सफाईचा संबंध बघा. त्या पट्टीवर धुळीचा थर बसला की उजेडाला जाताना एकदा आणि येताना एकदा, असा दोनदा तो थर पार करावा लागतो. हाताने पुसलेली आणि न पुसलेली अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवून मी मुलांना टॉर्च मारायला सांगतो. टॉर्च डोळ्यांजवळ धरायचा, नाहीतर फरक कळत नाही. आजवर एकाही पोराला दुसऱ्यांदा समजवावं लागलेलं नाही.

आपल्याकडच्या ट्रकांवर पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी असते. अमेरिकेत २००९ पासूनच्या मानकात नव्या बंबाच्या मागच्या बाजूचा निम्मा भाग तरी तिरक्या लाल-पिवळ्या पट्ट्यांनी झाकावा लागतो. आपल्या बंबांच्या पाठीलाही तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण अपघातस्थळी मागून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते ती पाठ.

६. सगळीकडे पॉलिश मारलं तर चालेल का? आमच्या कारखान्यात स्वतःचा बंब आहे.

नाही. पायदान, धरायचे दांडे, शिडीच्या पायऱ्या आणि छपराचा चालायचा भाग यांना मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश अजिबात लावू नका. ओल्या बुटाने माणूस घसरतो. परावर्तक पट्टीला घासणारं पॉलिश नको आणि तिच्या कडेवर प्रेशरची धारही नको, कड उचलली की आत पाणी शिरतं. पितळी कपलिंग घासा, पण पावडर आट्यांत राहू देऊ नका.

७. दसऱ्याला बंबाची पूजा करतात, हार घालतात. त्यात काही धोका?

पूजा जरूर करा. खंडेनवमीला शस्त्रं आणि अवजारं पुजायची आपली रीतच आहे, आणि त्या दिवशी गाडीचा कोपरान् कोपरा धुतला जातो. अमेरिकेतही नवा बंब आला की त्याला पाणी घालून, पुसून, माणसं हातांनी ढकलत आत नेतात. घोड्यांच्या काळापासूनची ती चाल आहे.

फक्त झेंडूची माळ दिव्यांवर, नंबरप्लेटवर, आरशांवर आणि पट्ट्यांवर येऊ देऊ नका. नारळ चाकाखाली न ठेवता बाजूला फोडा. आपल्याकडे दसरा म्हणजे दीक्षाभूमीला लाखोंची गर्दी. त्या दिवशी वर्दी कधीही येऊ शकते, त्यामुळे हार एका झटक्यात निघेल असाच बांधायचा.

८. अपघात एका लेनमध्ये आणि फायरची गाडी दोन लेन अडवून तिरकी उभी! वाहतूक मुद्दाम का तुंबवतात?

मुद्दामच, आणि ते बरोबर आहे. त्या क्षणी बंब भिंतीचं काम करत असतो. जखमींना काढणारी माणसं पलीकडे गुडघ्यांवर बसलेली असतात, कटर चालू असतो, मागून काय येतंय ते त्यांना ऐकूही येत नाही. म्हणून अवजड गाडी अपघाताच्या अलीकडे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला लावतात. अपघाताची लेन आणि शेजारची एक, असं मिळून अडवतात. तिरकी लावल्याने तिची बाजूची पट्टी दिसते आणि चालकाला ती चालती नसून उभी आहे हे लांबून उमगतं. पुढची चाकं काम चालू आहे त्याच्या विरुद्ध दिशेला वळवलेली असतात, म्हणजे कोणी येऊन आदळलंच तर बंब माणसांच्या अंगावर जाणार नाही.

अशा वेळी येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडणारे हेडलाइट बंद करायचे असतात. लखलखाट वाढला की मध्ये उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. दिवे जास्त म्हणजे सुरक्षा जास्त, असं इथे होत नाही.

९. हायवेवर अपघात दिसला. सगळ्यात आधी काय करायचं?

आधी स्वतःची गाडी. हळू करा, हॅझर्ड दिवे लावा, अपघाताला ओलांडून पुढे कडेला थांबा. अपघाताच्या मागे किंवा शेजारी थांबलात तर तुम्हीच दुसरा अडथळा होता. पोलीस आणि मदतपथक अजून आलेले नसतात, तेवढ्यात मागून दुसरी गाडी येऊन आदळते. पहिल्या धडकेतून वाचलेली माणसं त्यात जातात.

मग फोन. ११२ सगळ्यांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०१ अग्निशमनासाठी, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. ‘बुटीबोरीच्या पुढे’ एवढ्याने भागत नाही. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेला जात होती ते सांगा. नागपुरात उत्तर-दक्षिण जाणारा ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ हे दोन्ही महामार्ग एकत्र येतात. नुसतं ‘हायवे’ म्हटलं तर गाडी कामठीकडे पाठवायची की भंडाऱ्याकडे, हेच कळत नाही. किती माणसं, कोणी अडकलंय का, वास किंवा धूर आहे का, टँकर आहे का, हेही सांगा.

गाडीजवळ जाता आलं तर इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, बिडी-सिगारेट पेटवू देऊ नका. भळाभळा रक्त जात असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि दाब सोडू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. उभं कुठे राहायचं ते प्रश्न ११ मध्ये, माणूस बाहेर काढायचा का ते प्रश्न १२ मध्ये.

१०. त्रिकोण किती लांब ठेवायचा? माझा तर डिकीतून कधी बाहेरच निघाला नाही.

गावातल्या रस्त्यावर ५० मीटर, हायवेवर १०० मीटर किंवा त्याहून पुढे. मोठी ढांग टाकून १२० पावलं मोजा. हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाला उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंत ३० मीटर गेलेले असतात, आणि कोरड्या रस्त्यावरही एकूण ७० मीटरच्या आसपास लागतात. पावसात हा आकडा शंभराच्या घरात जातो.

वळण किंवा पुलाचा चढ असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे. वळणानंतर ठेवलेला त्रिकोण बघेपर्यंत उशीर झालेला असतो. जाताना रस्त्याच्या अगदी कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, त्रिकोण छातीशी धरून चाला. झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. फांदी एक वेळ ठीक, दगड नको. नंतर तो कोणी उचलत नाही आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्याच्यावर जातो.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथे १०० मीटर म्हणजे तीन सेकंद. जीव धोक्यात घालून मागे चालत जाण्यापेक्षा आधी बॅरियरच्या पलीकडे जा आणि फोन करा.

११. मदतीला थांबलो तर उभं कुठे राहायचं?

क्रॅश बॅरियरच्या पलीकडे, आणि अपघातग्रस्त गाडीच्या थोडं मागे, म्हणजे वाहतूक ज्या बाजूने येते त्या बाजूला. गाडीच्या पुढे उभे राहिलात तर ती ढकलली जाऊन अंगावर येते. दोन गाड्यांच्या मध्ये कधीच नाही. दुभाजकावर नाही.

हे मी शिकलो ते पुस्तकातून नाही. हिवाळ्यातली पहाट होती, वर्धा रोडला धुकं होतं. बंद पडलेल्या कारच्या मागे उभा राहून मी मोबाइलच्या टॉर्चने गाड्यांना बाजूला व्हायला सांगत होतो. अंगात काळं जॅकेट. बंबावरून उतरलेल्या एका फायरमनने मला काही न सांगता कॉलरला धरून बॅरियरवरून पलीकडे ओढलं. मी चिडलो होतो. त्यानंतर एक पिकअप कारच्या मागच्या बंपरला घासत गेली आणि माझ्या बुटांच्या जागी लाल काचेचे तुकडे पडले. त्या भाऊंचं नाव विचारायचं राहून गेलं.

परावर्तक जाकीट गाडीत ठेवा आणि उतरण्याआधी घाला. त्याचा पोपटी रंग दिवसा, उन्हातल्या अतिनील किरणांमुळे झळकतो. रात्री तो विझतो आणि मग काम करते ती त्यावरची चंदेरी पट्टी (का, ते प्रश्न ५ मध्ये). नुसतं पोपटी टी-शर्ट रात्री कामाचं नाही.

१२. जखमीला ओढून बाहेर काढावं का? हेल्मेट काढावं का?

गाडीला आग लागली असेल, ती पाण्यात जात असेल किंवा माणसाचा श्वास थांबला असेल तर काढा. एरवी आत बसू द्या. मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी डोकं धरा, बोलत राहा, नाव घेऊन बोला. मणक्याला इजा असेल तर आपली माया त्याला जन्माचं अपंग करू शकते. हेल्मेटचंही तसंच: काच वर करा, श्वास चालू असेल तर हात लावू नका. श्वासच चालत नसेल तर दोघांनी मिळून काढायचं, एकाने मान धरायची, दुसऱ्याने हेल्मेट हळू सरकवायचं. पाणी पाजू नका, शुद्धीत असला तरी. उघडलेली नसलेली एअरबॅग नंतरही फुटू शकते, म्हणून स्टिअरिंग आणि जखमीच्या मध्ये डोकं घालू नका.

१३. मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही. हे वाक्य मी ट्रकचालकांच्या बैठकीत दोनदा म्हणतो, कारण सगळ्यात आधी पोहोचणारे तेच असतात आणि सगळ्यात जास्त घाबरतातही तेच.

१४. दवाखान्याचा खर्च कोण देणार?

२०२५ च्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. पैशाचं नंतर बघू, आधी न्या. कायद्यातही दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला वेगळं नाव देऊन महत्त्व दिलेलं आहे.

१५. टँकर उलटलाय आणि लोक डबे घेऊन पळतायत. आम्ही काय करायचं?

वाऱ्याच्या उलट दिशेला, चढावर, लांब. गॅसचा टँकर असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो नाल्यात आणि खोलगट जागेत साचतो आणि लांबच्या ठिणगीवर पेटून उलट येतो. मोबाइलवर बोलायचं ते लांब गेल्यावर. टँकरच्या पाठीवरच्या फलकावर चार आकडे असतात, लांबूनच वाचून फोनवर सांगा. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल. या चार आकड्यांवरून निघायच्या आधीच पथकाला कळतं की पाणी न्यायचं की फोम. डबे भरणाऱ्यांना थांबवायला आत जाऊ नका. बाहेरून ओरडून सांगा, आणि नव्याने येणाऱ्यांना अडवा.

१६. सीएनजी बस किंवा विजेची गाडी असेल तर?

सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, वर उडून जातो. बंदिस्त जागेत मात्र छताशी साचतो. विजेच्या गाडीत नारंगी आवरणाच्या केबलला हात लावायचा नाही. तिची बॅटरी विझल्यासारखी दिसूनही तासांनी पुन्हा पेटते, म्हणून ती गाडी घरांजवळ नेऊन उभी करू नये. अपघातात विजेचा खांब पडून तार गाडीवर असेल तर आतल्यांना आतच बसायला सांगा आणि महावितरणला कळवा. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी शिवायचं नाही.

१७. मागे बंब वाजतोय आणि पुढे सिग्नल लाल आहे. काय करू?

डावीकडे सरका. जागाच नसेल तर थोडं पुढे घ्या, पण चौकात घुसू नका. आडव्या रस्त्यावरच्या माणसाला भोंगा तुमच्याइतका ऐकू आलेला नसतो. २०१७ च्या नियमांत रस्त्याच्या हक्काचा क्रम आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस असा आहे. वाट न दिल्यास १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एक बंब गेला म्हणून लगेच निघू नका, मागून दुसरा येत असतो.

१८. व्हिडिओ काढला तर पोलिसांना उपयोग होतो ना?

गाडी चालवताना काढलेल्याचा नाही. हळू होऊन बघणाऱ्यांमुळेच पलीकडच्या लेनमध्ये दुसरा अपघात होतो. थांबून मदत करायची नसेल तर निघा.

१९. मुलांना अग्निशमन केंद्र दाखवायचं आहे. कधी जावं?

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. शाळेने आधी पत्र द्यावं. मोठ्या मुलांना या कामात जायचं असेल तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच गावात आहे. १९५६ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आलं.

मुलं भोंगा वाजवायला धावतील, वाजवू द्या. मग त्यांना मागच्या चाकाजवळ न्या आणि तिथल्या भाऊंना म्हणा, ती तांबडी रेघ कशी शोधायची ते एकदा पोरांना दाखवा.